नेमणूकपत्र देऊ नये, या ठरावाला माझी संमती नाही

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
खानावळ व निवास व्यावसायिकांची आपली तालुका संघटना

सप्रेम नमस्कार.

शिमगा आटोपल्यावर झालेल्या सभेत आपण एक ठराव मांडलात आणि पाच मिनिटांत तो मंजूर झाला. सभासदांनी कामावर ठेवलेल्या माणसांना लेखी नेमणूकपत्र देऊ नये, पगार शक्यतो रोखीने द्यावा, आणि कोणी कागद मागितलाच तर "संघटनेला विचारून सांगतो" म्हणावे. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. हात वर केला नाही, पण तोंडही उघडले नाही. तेवढ्यात चहा आला, भजी आली आणि विषय जेटीजवळच्या पार्किंगवर गेला. त्या दिवशी गप्प बसले याची लाज वाटते, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण ठराव ज्यांच्याबद्दल आहे त्यांतले कोणीच सभेत नव्हते. ती सगळी तेव्हा आपापल्या मालकांची भांडी घासत होती.

संघटनेचे नाव मुद्दाम घालत नाही. मालवण-वेंगुर्ल्यात काय किंवा तिकडे गुहागर-दापोलीत काय, चहाच्या टपरीवर हीच भाषा ऐकू येते. आपण फक्त ती ठरावात लिहिलीत.

आधी माझे सांगते. लग्नाआधी सहा वर्षे मी गोव्यात एका हॉटेलात होते. खोल्या लावण्यापासून सुरुवात केली, शेवटी रिसेप्शनवर बसले. पगार दर महिन्याला पाकिटात, पाकिटावर पेन्सिलीने नाव आणि आकडा. सोडताना शेवटच्या महिन्याचे पैसे "नंतर ये" यात गेले. ते गेले तर गेले. पण पुढे परसात दोन खोल्या बांधायच्या म्हणून बँकेत कर्जाला गेले, तेव्हा साहेबांनी विचारले, या धंद्याचा अनुभव? म्हटले, सहा वर्षे. कागद? माझ्याजवळ त्या हॉटेलच्या गणवेशातला एक फोटो होता. तो मी खरोखरच पर्समधून काढून टेबलावर ठेवला. साहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

इतके भोगूनही, स्वतःची खानावळ चालू लागली आणि पहिली मुलगी कामाला घेतली, तेव्हा मी काय केले? अगदी आपल्या ठरावात आहे तेच. उचल, खाडे आणि उरलेले पैसे एका वहीत. वही माझ्याकडे. कायद्याला वगैरे बगल द्यायची असे काही मनात नव्हते. एका माणसाला कसला आलाय कागद, एवढेच वाटत होते. हे आपल्यातल्या बहुतेकांचे खरे कारण आहे, म्हणून मी कोणाला शहाणपण शिकवत नाही.

मग एका जानेवारीत, शनिवारी दुपारी, चाळीसेक पाने वाढायची असताना सोलकढीचा नारळ खवताना तिचा हात आदाळ्यावरून सरकला. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी खोल कापले. पाच टाके, पंधरा दिवस पाण्यात हात नाही. दवाखान्याचे पैसे मी भरले, पंधरा दिवसांचा पगारही दिला, आणि मनात म्हटले, बघा, कागद नसला तरी माणुसकी आहे ना! आपल्या सभेतही तीनचार जणांनी हेच सांगितले, की आम्ही आमच्या पोरांना वाऱ्यावर सोडत नाही. खरे आहे. बहुतेक जण सोडत नाहीत. पण अंगठ्याला परवडणारी माणुसकी पाठीच्या मणक्याला परवडते का, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला.

दुसरा धक्का जूनमध्ये. तिच्या धाकट्या भावाच्या शिष्यवृत्तीसाठी घरच्यांना उत्पन्नाचा दाखला हवा होता. ती म्हणाली, "ताई, माका पगाराचो कागद व्हयो." मी खानावळीच्या बिलबुकावर चार ओळी लिहून शिक्का मारून दिल्या. तो कागद परत आला. बँकेत जमा दाखवा म्हणाले. जमा कुठली, सगळे हातात दिलेले. शेवटी तलाठ्याकडे खेपा घालून त्यांचे काम झाले, पण ती माझ्याकडे जे बघत होती ते मला ओळखीचे होते. त्या बँकेच्या टेबलापलीकडे मी तशीच बसले होते.

त्यानंतर मी हिशेबनीसांकडे गेले, वाचले, विचारले. जे कळले ते इथे मांडते, कारण सभेत सर्वांत जास्त चाललेला शब्द "झंझट" हा होता, आणि ती नेमकी किती आहे हे कोणीच सांगितले नाही.

मला हे एक, पाच, दहा, वीस अशा पायऱ्यांनी लक्षात राहते. वीस माणसे झाली की भविष्य निर्वाह निधी सक्तीचा. दहाला आजारपणात उपयोगी पडणारा कामगार राज्य विमा (ईएसआय), उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, प्रसूतीच्या २६ आठवड्यांच्या रजेचा कायदा, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कामाच्या जागी अंतर्गत समिती. पाचला कामगार कल्याण निधी. तो सहा महिन्यांतून एकदा, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. आपल्या संघटनेत पाचच्या वर माणसे असलेले किती? मला दोन्ही हातांची बोटे लागणार नाहीत. म्हणजे ज्या गोष्टींची भीती घालून ठराव झाला, त्यांतल्या बऱ्याच आपल्या दारापर्यंत येतच नाहीत.

आणि पहिल्या पायरीवर, एकाच माणसाला, काय लागते? २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आपल्यासारख्या लहानांना नोंदणी नाही. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत तसे कळवायचे, तेही ऑनलाइन. व्यवसाय कर स्वतःचा वर्षाला २,५०० रुपये, तो माणूस ठेवा अगर न ठेवा. कामाला ठेवलेला पुरुष असेल आणि पगार १०,००० च्या वर असेल तर त्याच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून भरायचे, त्यासाठी मालकाचा वेगळा क्रमांक घ्यायचा. बाईमाणसाला २५,००० पर्यंत हा कर एप्रिल २०२३ पासून माफ आहे. माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीचा पगार १३,०००, म्हणजे तिच्यासाठी तो क्रमांकसुद्धा लागला नाही. हंगामात वाढायला मुलगा ठेवला तेव्हा घेतला. एवढ्या लहान रकमेला विवरणपत्र वर्षातून एकदा. विसरलात तर विलंब शुल्क १,००० रुपये, आणि ते मी एकदा भरलेले आहे, कारण मार्चअखेरीला माझ्याकडे साखरपुड्याची ऑर्डर होती. आयकर कापण्याइतका पगार आपण कोणाला देत नाही, तेव्हा तो विषय सोडते.

किमान वेतन मात्र पहिल्या माणसापासून आहे, आणि त्याचा विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैत बदलतो. वर्षातून दोनदा तक्ता बघायचा. मच्छीचा दर आपण रोज बघतो.

राहिला अपघात. हा भाग मी जरा लांबवणार आहे, आणि आपण तो नीट वाचावा अशी विनंती. कामगार भरपाईचा कायदा १९२३ चा आहे. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशेब तोच राहिला. हॉटेलात गॅसवर स्वयंपाक करणारा आचारी त्या जुन्या कायद्याच्या यादीत नावानिशी आहे. त्याला माणसांच्या संख्येची पायरी नाही. एक माणूस असला तरी लागू. कामावर असताना माणूस दगावला तर पगाराचा अर्धा भाग गुणिले वयाचा आकडा. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. पगार १३,००० असेल तर ६,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १३,५१,८७० रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, शिवाय दंड निम्म्यापर्यंत.

सिलिंडर आपल्या सगळ्यांकडे आहेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या कौलावर चढायला आपण त्याच पोरांना सांगतो. आणि आपला ठराव काय म्हणतो, तर त्याला कागद देऊ नका. नेमणूकपत्र नसले म्हणून हे साडेतेरा लाख टळत नाहीत. तो तुमच्याकडे कामाला होता हे सांगायला अख्खी वाडी आहे, गिऱ्हाइकांनी फोटो टाकलेले आहेत, गूगलवर त्याच्या हातच्या सुरमईचे कौतुक त्याच्या नावानिशी छापून आले आहे. कागद नसल्याने काय होते तर पगार किती, काम कोणते आणि तो कधीपासून होता, हे तुम्हाला दाखवता येत नाही. विमा काढायचा तर कंपनी पहिल्यांदा तेच विचारते. माझ्या मुलीसाठी काढलेल्या विम्याचा वर्षाचा हप्ता तिच्या एका आठवड्याच्या पगारापेक्षा कमी आहे. शिवाय तिच्या बँक खात्यावरून पंतप्रधान सुरक्षा विमा काढून दिला, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. ते २० रुपये मी भरते. त्याचा गाजावाजा करण्यासारखे काही नाही.

आता सभेत मांडलेले मुद्दे, जसे आठवतात तसे.

"एकाने दिला की सगळ्यांना द्यावा लागेल." हो. त्यासाठीच लिहिते आहे.

"आमी जेवण देतांव, रवाक जागा देतांव, मग पगार कमी असणारच." जेवण आपण देतो, चांगले देतो, यात वाद नाही. पण आपल्या मनाने एका थाळीला किंमत लावून ती किमान वेतनातून वळती करायची मुभा कायद्यात नाही. आणि खरे सांगा, रात्री अकराला शेवटचे गिऱ्हाईक उठल्यावर उरलेल्या आमटीची किंमत आपण कोणत्या दराने लावतो?

"घरचीच पोरां ती, कागद कित्याक?" हा मुद्दा एका सभासदाने कायद्याच्या भाषेत मांडला, म्हणून त्याला उत्तर देते. ते म्हणाले, न्याहारी-निवास म्हणजे आपले राहते घर, तिथली माणसे म्हणजे घरकामाची माणसे, त्यांना काही लागू नाही. पगाराच्या नव्या कायद्यात, म्हणजे वेतन संहितेत, सूट आहे ती शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला, आणि तीसुद्धा नोंदवही आणि पगारचिठ्ठीपुरती. पाहुण्याकडून आपण खोलीचे भाडे घेतो, ऑनलाइन बुकिंग घेतो, वीस टक्के कमिशन देतो म्हणून ओरडतो. तिथे चादरी बदलणारी बाई घरकामाला कशी झाली? सरकारी योजनेसाठी आपण पर्यटन व्यावसायिक आणि तिच्यासाठी घरमालक, असे दोन्ही बाजूंनी जमणार नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हा जन्मलेली मुले आता आपल्याकडे टेबले पुसत आहेत.

"हंगामी माणसांना कसले नेमणूकपत्र?" हंगामी माणसालाच ते जास्त हवे. ऑक्टोबर ते मे असे लिहा, मुदत घाला, तेवढ्यापुरते द्या. इथे एक गोष्ट आपल्याला टोचेल. मे संपत आला, पाण्यातले खेळ बंद झाले, मृग जवळ आले की पोरांचा शेवटचा पगार अडकवून ठेवायची आपल्याकडे रीत आहे, पुढच्या ऑक्टोबरात तो परत यावा म्हणून. कित्येकांचे दसऱ्यापर्यंत अडकलेले मी पाहिले आहेत. वेतन संहिता सांगते की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि माणूस सोडून गेला किंवा काढला तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता. गोव्यातला माझा शेवटचा महिना मी विसरले नाही. ही पोरेही विसरत नसतील.

"बाहेरची माणसे, आज आहेत उद्या नाहीत." नेपाळची, कर्नाटकची, उत्तरेकडची पोरे आपल्याकडे आहेत. बागांच्या राखणीला आहेत, होड्यांवर आहेत. त्यातल्या एखाद्याला समुद्राने ओढून नेले तर कळवायचे कोणाला, हे त्याच्या मालकाला ठाऊक असते का? नेमणूकपत्राच्या तळाशी घरचा पत्ता आणि बापाचा फोन लिहायला एक ओळ लागते.

"पगार रोखीनेच बरा, बँकेत दिला की कुठेतरी दिसतो." दिसतो, आणि तोच फायदा आहे. एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकराच्या हिशेबात मान्य होत नाही, हे हिशेब ठेवणाऱ्या सभासदांना तरी माहीत असायला हवे. बाकी तिच्या भावाच्या दाखल्याची गोष्ट वर सांगितलीच.

"बायांना गड्याएवढा पगार दिला तर परवडणार नाही." हे सभेत मोठ्याने कोणी म्हटले नाही. मागच्या बाकावर म्हटले गेले, मी ऐकले. एकाच कामाला बाई म्हणून कमी देता येत नाही, हे १९७६ पासून कायद्यात आहे. यापलीकडे मी त्यावर शाई घालवत नाही.

आणखी एक, जे सभेत निघालेच नाही. आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत मुली काम करतात, पाहुणे दारू पिऊन असतात, कधी मालकाचा भाऊबंदही असतो. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या जागी अंतर्गत समिती नसते, पण २०१३ च्या कायद्यात अशा मुलींनी जायचे ठिकाण आहे, जिल्ह्याची स्थानिक समिती. मालकाविरुद्ध तक्रार असली तरी तिथेच जायचे. ही माहिती माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवली आहे. लावताना मुलगी काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने त्याचा फोटो काढलेला मी पाहिला.

आता आपली बाजूही घेते, कारण आपली तक्रार सगळीच खोटी नाही. लहान माणसाने नियमाने चालायचे ठरवले तर त्याला कोणी हात देत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले, सर्वांना नेमणूकपत्र मिळेल असेही तेव्हा सांगितले. त्यातले आमच्या दोन टेबलांच्या खानावळीला काय लागू, हे मराठीत एका पानावर लिहून कोणी आणून दिले? २०२२ मध्ये लहानातल्या लहान दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली, ती आपण हौसेने लावली. पण त्या पाटीखाली बसून मी जे अर्ज भरले त्यातले निम्मे शब्द मला मुलाकडून समजून घ्यावे लागले.

भविष्य निधीचेच घ्या. वीसच्या खाली असलो तरी आपणहून तो घेता येतो. मला मुलीसाठी घ्यायचा होता. तिचे १२ टक्के म्हणजे १,५६०, माझे तेवढेच, ठेवीशी जोडलेल्या विम्याचे ६५, इथवर ठीक. मग आला प्रशासन खर्च. दर अर्धा टक्का, म्हणजे तिच्या पगारावर ६५ रुपये होतात. पण किमान ५०० भरावेच लागतात. एक लाखाच्या पगारपत्रकाला जेवढे, तेवढेच माझ्या एका मुलीमागे. महिन्याला माझ्याकडून २,१२५. पावसाचे चार महिने जिथे आम्ही स्वतःच भाताची पेज खातो, तिथे हे जमेना. मी घेतला नाही. ही माझी कमतरता मी लपवत नाही, पण ती ५०० ची अट लहान माणसाला दारातून परत पाठवते, हेही तितकेच खरे.

तसेच प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेचे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात नव्याने कामाला लागलेल्याला १५,००० पर्यंत, आणि मालकाला महिन्याला ३,००० पर्यंत, दोन वर्षे. वाचून मला आनंद झाला. खाली बघते तर भविष्य निधीची नोंदणी हवी, आणि पन्नासपेक्षा कमी माणसे असलेल्या मालकाने निदान दोन जास्तीची माणसे घ्यायला हवीत. आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस ठेवणारा त्यात बसत नाही. योजनेत पहिली नोकरी मोजली आहे, पण ती देणाऱ्याचे पहिलेपण कोणी मोजलेले नाही. या गोष्टींवर संघटनेने ठराव केला असता तर मी दोन्ही हात वर केले असते. पण आपण वर बोलायच्या तक्रारीचा भार खाली, भांडी घासणाऱ्यांवर टाकलात.

म्हणून माझ्या मागण्या.

हा ठराव मागे घ्यावा आणि तसे इतिवृत्तात लिहावे. नुसते "बघू" नको.

नेमणूकपत्राचा एक पानी मराठी नमुना संघटनेने छापून सभासदांना द्यावा. त्यात नाव, घरचा पत्ता, काम, पगार, पगाराची तारीख, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, हंगामाची मुदत आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचे, एवढे पुरे. प्रती दोन, एक त्याच्याकडे. माझा नमुना मी आजच द्यायला तयार आहे. वकिलाला दाखवून काय कमीजास्त करायचे ते करा.

ऑक्टोबरच्या आत सर्व सभासदांच्या माणसांचा मिळून अपघात विमा काढावा. एकेकट्याने गेलो तर एजंट फोनही उचलत नाही, शंभर माणसांची यादी घेऊन गेलो तर तो घरी येईल.

चौदा वर्षांखालची मुले मे महिन्याच्या सुट्टीत "मदतीला" म्हणून आपल्या काही जागांवर दिसतात. ते बंद करावे, आणि जो सभासद ऐकणार नाही त्याला संघटनेने पाठीशी घालू नये.

महिन्यातून एक दिवस संघटनेच्या खोलीत हिशेबनीस बसवावा. व्यवसाय कर, पगारचिठ्ठी, बँकेतून पगार, हे तिथेच उरकेल. त्याचे मानधन वर्गणीतून द्या. गेल्या वर्षी सत्कारांच्या शाली-श्रीफळावर जे गेले त्यातून वर्ष निघेल.

आणि संघटनेच्या सही-शिक्क्याने सरकारला लिहावे. भविष्य निधीचा ५०० रुपयांचा किमान आकार पाचपेक्षा कमी माणसांसाठी काढावा, रोजगार योजनेत पहिला माणूस ठेवणाऱ्याला जागा द्यावी, आणि जिल्ह्यात एक तरी खिडकी अशी असावी जिथे लहान मालकाला सगळे मराठीत समजेल. त्या पत्रावर पहिली सही माझी घ्या.

मेच्या गर्दीसाठी एक मुलगा माझ्याकडे येतो आहे. त्याचे नेमणूकपत्र तयार आहे, दोन प्रतींत. ठराव मोडला म्हणून माझ्यावर काय कारवाई करायची ती कार्यकारिणीने ठरवावी. हा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि ज्यांना कामाला ठेवले आहे त्यांतल्या निदान दोघांना बोलवावे. सभेची तारीख आधी कळवा. शनिवार-रविवार मात्र नको, गर्दी असते.

आपली,
देवबाग रस्त्यावरची एक खानावळवाली सभासद